मुलांना सामान्य ज्ञान शिकवायचं कसं? कार्डांचा डबा, पृथ्वीगोल आणि मुदत संपलेली उत्तरं

पाटीपेन्सिल

आठवड्यातून एक तास, एक पुस्तक, डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे उत्तरं. शिक्षक वाचतात, मुलं खुणा करतात, परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकंपट्टी आणि पंधरवड्यात पाटी कोरी. सामान्य ज्ञानाच्या तासाचं हे चित्र इतकं ठरलेलं आहे की दोष मुलांच्या स्मरणशक्तीला दिला जातो. खरा दोष मांडणीत आहे.

चाळीस मिनिटं सलग देण्यापेक्षा तीच चाळीस मिनिटं रोज आठ अशी पाच दिवसांत वाटली तर बरंच जास्त टिकतं. मधल्या वेळात मूल थोडं विसरतं, परत आठवायला धडपडतं, आणि त्या धडपडीतच माहिती पक्की होते. शिवाय एका बैठकीत पंचवीस प्रश्न म्हणजे निव्वळ वाया. तीन-चार पुरेत.

पण सगळ्यात मोठी गडबड म्हणजे माहिती सुटी सुटी येते. ज्या मुलाला नकाशावर कॅनडा दाखवता येत नाही, त्याच्यासाठी ‘कॅनडाची राजधानी ओटावा’ ही दोन निरर्थक शब्दांची जोडी आहे. म्हणून आठवड्याला एक सूत्र धरावं. उदाहरणार्थ ‘देशातलं सर्वांत मोठं शहर नसलेल्या राजधान्या’: कॅनबेरा, ओटावा, अंकारा, ब्राझिलिया, वेलिंग्टन. पाच दिवस, पाच शहरं. रोज नकाशावर बोट ठेवायचं आणि एक कारण सांगायचं. सिडनी आणि मेलबर्न या दोघांच्या चढाओढीतून मधला मार्ग म्हणून कॅनबेरा वसवलं गेलं, १९२७ मध्ये संसद तिथे गेली. ब्राझिलिया १९६० मध्ये राजधानी झाली, कारण किनाऱ्यावर एकवटलेली वस्ती आणि कारभार देशाच्या आतल्या भागाकडे न्यायचा होता. कारण कळलं की नाव अडकवायला खुंटी मिळते.

आता तुम्ही लिहा. नुसत्या सल्ल्यापेक्षा मापं, वेळा आणि कुठे बिघडतं ते हवं आहे.

विसरभोळा

कार्डांच्या डब्याबद्दल लिहितो. माणूस किती भरभर विसरतो याची मोजणी एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच प्रसिद्ध केली होती. त्यावरचा घरगुती उतारा म्हणजे कप्प्यांचा डबा. सेबास्टियन लाइटनर यांनी तो १९७२ च्या सुमारास लोकप्रिय केला.

बुटांचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठे घालून पाच कप्पे करा. ए-चार कागदाचे चार समान तुकडे केले की कार्डं तयार. कागद थोडा जाड हवा, नाहीतर मागचं उत्तर पुढून दिसतं. पुढे प्रश्न, मागे उत्तर.

पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ आणि पाचवा सोळा दिवसांनी. उत्तर बरोबर आलं तर कार्ड एक कप्पा पुढे. चुकलं तर थेट पहिल्यात, मग ते चौथ्यात का असेना. इथे मुलं हुज्जत घालतात, ‘एकच कप्पा मागे टाकूया’ म्हणतात. ऐकू नका.

रोज नवी कार्डं फक्त तीन. प्रत्येक कार्ड किमान पाचदा डोळ्यांखालून जातं, म्हणजे घडी बसल्यावर रोज साधारण पंधरा आणि चुकलेली दोन-तीन. एका कार्डाला वीस-पंचवीस सेकंद धरले तर सहा-सात मिनिटांत काम संपतं. आठवड्यात पाच दिवस हे चाललं तर तीस आठवड्यांत साडेचारशे कार्डं होतात. पहिल्या आठवड्यात काम अगदी किरकोळ वाटतं म्हणून उत्साहात रोज दहा कार्डं घालणारे बरेच असतात. तिसऱ्या आठवड्यात रोजची पन्नास कार्डं अंगावर येतात आणि डबा माळ्यावर जातो.

आणखी एक. एका कार्डावर एकच गोष्ट. ‘ऑस्ट्रेलियाविषयी माहिती सांग’ हे कार्ड नव्हे, निबंध आहे. अर्धं आलं तर कार्ड पुढे न्यायचं की मागे, हा वाद रोज होतो. आणि उत्तर मोठ्याने बोलल्यावरच कार्ड उलटायचं. ‘हो हो, येतं मला’ म्हणून उलटवलेलं कार्ड चुकलेलंच धरायचं.

उलटतपासणी

डबा ठीक आहे, पण ही पोपटपंचीची सुधारित आवृत्ती वाटते. आजकाल कुठलंही उत्तर दोन सेकंदांत शोधता येतं. मग साडेचारशे कार्डं डोक्यात कशाला भरायची? तेवढ्या वेळात विचार करायला शिकवा.

पाटीपेन्सिल

@उलटतपासणी, विचार करायला डोक्यात कच्चा माल लागतोच. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघांनी १९८८ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं उतारा समजण्यात त्या मुलांच्या पुढे गेली, ज्यांचं वाचन उत्तम होतं पण खेळ माहीत नव्हता. विषयाची माहिती असली की वाचलेलं समजतं. नसली तर दर ओळीला अडायचं आणि दर ओळीला शोधत बसायचं.

आणि आठवून पाहणं म्हणजे पोपटपंची नव्हे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या अभ्यासात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे, आठवड्याने तपासलं तेव्हा आठवणारे पुढे. घोकणारं मूल आदल्या रात्री हुशार का वाटतं, ते यात आलं.

उलटतपासणी

मान्य. तरी माझी अट कायम: ज्या गोष्टीला ‘कुठे’, ‘केवढं’, ‘कधी’ किंवा ‘का’ यांतलं एकही जोडता येत नाही, तिचं कार्ड करायचं नाही.

गोलगरगर

ही अट आवडली. ‘केवढं’चं बघू. ३० सेंटिमीटर व्यासाचा साधा पृथ्वीगोल घ्या. पृथ्वीचा सरासरी व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. एवढा एक आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि मुलांना आधी अंदाज करू द्या.

एव्हरेस्ट या गोलावर किती उंच? मुलं बोटभर उंची दाखवतात. हिशेब केला तर ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीचे दोन कागद एकावर एक. (उठावाचे गोल मिळतात ते या बाबतीत साफ खोटं बोलतात.) आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर, म्हणजे पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरही नाही. आणि चंद्र? चंद्र आठ सेंटिमीटरचा चेंडू, टेनिसच्या चेंडूपेक्षा थोडा मोठा. तो कुठे धरायचा असं विचारलं की जवळपास प्रत्येक मूल गोलाशेजारी हातभर अंतरावर धरतं, कारण पुस्तकातल्या चित्रात तो तिथेच असतो. खरं अंतर नऊ मीटर. वर्गात मावत नाही, चेंडू घेऊन एकाला व्हरांड्यात जावं लागतं. सूर्य याच प्रमाणात ३३ मीटर व्यासाचा आणि साडेतीन किलोमीटर दूर. एवढं करून झाल्यावर ‘चंद्राचं अंतर ३,८४,४०० किलोमीटर’ हे पाठ करायला वेगळं सांगावं लागत नाही.

भिंतीवरचा नकाशा गोलाशेजारीच टांगा. मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी. गोलावर पातळ कागद ठेवून ग्रीनलंडची आकृती काढा, कापा आणि आफ्रिकेवर सरकवून बघा. वादच मिटतो.

‘का’चा सर्वांत फसवा प्रश्न ऋतूंचा. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते’ हे उत्तर मोठ्या माणसांकडूनही येतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५.२ कोटी. जानेवारीत उत्तर गोलार्धात हिवाळा असतो, तिथेच ते उत्तर कोसळतं.

यासाठी चौकटींचा कागद आणि विजेरी घ्या. विजेरी कागदावर सरळ खाली धरा, उजेडाच्या वर्तुळाभोवती पेन्सिल फिरवा, चौकटी मोजा. मग तेवढ्याच अंतरावरून विजेरी कागदाशी ३० अंशांचा कोन करून धरा. उजेड जवळपास दुप्पट चौकटींवर पसरतो, म्हणजे प्रत्येक चौकटीच्या वाट्याला निम्मा. एलईडी विजेरीच्या कडेला अंधूक वलय येतं आणि मुलं कुठपर्यंत मोजायचं यावर भांडतात. पुठ्ठ्याची नळी तोंडाला बसवली की कड स्पष्ट येते.

त्यानंतर गोल दिव्याभोवती फिरवायचा. इथे हमखास चूक होते: मूल चालता चालता गोलाचा कललेला अक्ष सतत दिव्याकडे वळवतं, आणि मग उत्तर गोलार्धात बारा महिने उन्हाळाच राहतो. अक्षाचं वरचं टोक खोलीतल्या एकाच भिंतीकडे राहिलं पाहिजे. त्या भिंतीवर कागदाचा तारा चिकटवा आणि ‘टोक ताऱ्याकडे’ एवढंच सांगत राहा.

कालरेषा

@गोलगरगर, झकास! ‘कधी’चं मी घेतो.

कागदाची लांब पट्टी, साडेचार मीटर. एक सेंटिमीटर म्हणजे एक कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, त्यामुळे ४५४ सेंटिमीटर. ‘आज’ उजव्या टोकाला लिहायचं आणि प्रत्येक माप तिथूनच घ्यायचं. एका खुणेपासून दुसरी खूण मोजत गेलं की दर वेळी थोडी चूक साठते. जीवसृष्टीच्या खुणा ३५० सेंटिमीटरच्याही पलीकडे जातात. पहिले डायनोसॉर २३ सेंटिमीटरवर, त्यांचा अंत ६.६ वर. आणि आधुनिक मानव, तीन लाख वर्षं? ०.३ मिलिमीटर. टोकदार पेन्सिलीची रेघ. चित्रं पट्टीवर चिकटवू नका, हाताएवढा डायनोसॉर वीस कोटी वर्षं झाकून टाकतो. चित्र खाली, तिथून वर दोरा.

दुसरी पट्टी मानवी इतिहासाची: पाच मीटर, एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष. गिझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २५६० च्या सुमारास, क्लिओपात्राचा मृत्यू इसवी सनापूर्वी ३० मध्ये, चंद्रावर माणूस १९६९ मध्ये. क्लिओपात्रा पिरॅमिडच्या काळापेक्षा चंद्रावरच्या माणसाला जवळची, हे पट्टीवर बोट फिरवल्यावर मुलांना दिसतं, आणि मग ती ते घरभर सांगत सुटतात. दोन अडचणी ठरलेल्या: इसवी सनापूर्वी ५०० हे २०० च्या आधीचं, हे उलटं मोजणं गोंधळात टाकतं, आणि इसवी सनात शून्य वर्ष नाही म्हणून दोन्ही बाजूंची बेरीज करताना एक वजा करावा लागतो.

रबर

मी फक्त उत्तरं खोडायला आलो आहे. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकांना मुदत असते आणि ती कोणी छापत नाही.

प्लूटो २४ ऑगस्ट २००६ पासून ग्रह नाही, बटुग्रह. एव्हरेस्टची उंची डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. कझाकस्तानची राजधानी अस्ताना, मग २०१९ मध्ये नूर-सुलतान, २०२२ मध्ये परत अस्ताना. स्वाझिलंड २०१८ पासून एस्वातिनी. आणि ‘सर्वांत जास्त चंद्र कोणाला?’ हा प्रश्न तर निव्वळ खोडसाळ आहे. बऱ्याच काळापर्यंत उत्तर गुरू होतं, २०१९ मध्ये शनी पुढे गेला, २०२३ च्या सुरुवातीला काही महिने पुन्हा गुरू, मग परत शनी. मार्च २०२५ मध्ये शनीला एकदम १२८ नवे चंद्र मिळाले, एकूण २७४. इथे आकडा पाठ करून घेणं म्हणजे पुढच्या वर्षीची चूक आज पाठ करणं.

उपाय सोपा आहे. बदलू शकणाऱ्या उत्तराच्या कार्डामागे पेन्सिलीने वर्ष लिहा आणि कोपरा कापा. वर्षातून एकदा फक्त कापलेल्या कोपऱ्याची कार्डं काढून तपासायची. कॅनबेराचं कार्ड तपासायची गरज नाही.

काही प्रश्नांना उत्तर एकच नसतं, तिथे प्रश्न दुरुस्त करावा. ‘जगात देश किती?’ ऐवजी ‘संयुक्त राष्ट्रांचे सदस्य किती?’ (१९३, दक्षिण सुदान आल्यापासून, २०११). ‘सर्वांत मोठं वाळवंट’ म्हणाल तर अंटार्क्टिका, सहारा हवं असेल तर ‘उष्ण’ हा शब्द घाला. दक्षिण आफ्रिकेच्या राजधान्या तीन आहेत: प्रिटोरिया, केप टाउन, ब्लूमफाँटेन. प्रश्नात ‘राजधानी कोणती’ असं एकवचन आलं की प्रश्नच चुकला.

आणि चीनची भिंत चंद्रावरून दिसत नाही. कृपया.

भिंगरी

घरच्या बाजूने थोडं. पाच वर्षांखालच्या मुलांना प्रश्नोत्तरं नकोतच. त्या वयात नावं, स्पर्श, तुलना: कोणतं जड, कोणतं आधी, कोण कुठे राहतं. सहा ते आठमध्ये नकाशा आणि मोजमाप सुरू करता येतं. डबा नऊच्या पुढे, तोही मुलाने स्वतः लिहिलेल्या कार्डांचा. मोठ्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलेला डबा मुलं परका समजतात.

नकाशा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून मीटरभर-सव्वा मीटरवर. मोठ्यांच्या उंचीला लावला तर मुलांना जन्मभर दक्षिण गोलार्धच पाठ राहील. बातमीत देशाचं नाव आलं की तिथे बोट. एवढंच, व्याख्यान नको.

मुलाने असा प्रश्न विचारला की आपल्यालाही उत्तर माहीत नाही, तर लगेच शोधू नका. आधी त्याचा अंदाज कागदावर लिहून घ्या, कारणासह. मग दोन वेगवेगळ्या ठिकाणी बघा. दोन्हीकडे वेगळं निघालं तर उत्तम, का वेगळं ते शोधायचं. आत्मविश्वासाने केलेला अंदाज चुकला की बरोबर उत्तर जास्त घट्ट बसतं, पण त्यासाठी अंदाज आधी नोंदलेला हवा. नंतर सगळेच ‘मला माहीतच होतं’ म्हणतात.

आणि पाहुण्यांसमोर ‘सांग बघू जपानची राजधानी’ हा प्रकार बंद करा. त्यातून मुलाला एवढंच कळतं की माहिती ही दाखवायची वस्तू आहे आणि ‘माहीत नाही’ म्हणणं लाजिरवाणं.

कुतूहल

झेंडे शिकवावेत का? माझ्या माहितीतल्या सगळ्या मुलांना ते आवडतात.

रबर

शिकवा, पण जोड्यांनी. इंडोनेशिया आणि मोनॅको दोघांचा वर लाल खाली पांढरा, पोलंडचा उलटा. चाड आणि रोमानिया यांच्यात निळ्याच्या छटेचाच फरक. नेपाळचा चौकोनी नाही, स्वित्झर्लंड आणि व्हॅटिकनचे चौरस. एकेकटे शिकवले तर मुलं रंग बघून ठोकून देतात. सारखे दिसणारे शेजारी ठेवले की नीट बघतात.

उलटतपासणी

प्रश्न कसे काढावेत यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून.

पर्यायी प्रश्नात चुकीचे पर्याय हीच खरी कारागिरी. ‘ऑस्ट्रेलियाची राजधानी: कॅनबेरा, पॅरिस, कैरो’ यात काहीच तपासलं जात नाही. ‘कॅनबेरा, सिडनी, मेलबर्न’ करा, म्हणजे मूल काय चुकीचं समजतं ते उघडं पडतं. चौथा पर्याय सुचत नसेल तर तीनच ठेवा, उगाच भरताड नको. बरोबर पर्याय नेहमी सर्वांत लांब लिहिला जातो, ही शिक्षकांची जुनी खोड. मुलं पहिल्या महिन्यात ओळखतात.

वर्गात प्रश्न विचारल्यावर मनात तीन सेकंद मोजा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात. तीन सेकंदांची शांतता फळ्यासमोर उभं राहून फार मोठी वाटते, हात मागे बांधून मोजा.

हात वर करण्याची पद्धत मात्र सोडा. चाळीसपैकी तीच पाच मुलं उत्तर देतात आणि शिक्षकाला वाटतं वर्गाला येतंय. प्रत्येकाकडे पाटी किंवा कोरा कागद. प्रश्न, तीन सेकंद, वीस सेकंद लिहायला, ‘दाखवा’ म्हटल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर. एक नजर टाकली की किती चुकले आणि सगळे एकच चूक करताहेत का, दोन्ही कळतं. बारा जणांनी ‘सिडनी’ लिहिलं असेल तर पुढे जायचं नाही. शेजाऱ्याचं बघून लिहिणं होणारच, म्हणून ‘दाखवा’च्या आधी पाट्या पालथ्या.

परीक्षेबद्दल: वीस गुणांची असेल तर निम्मे प्रश्न या महिन्याचे, सहा गुण आधीच्या महिन्यांतले, चार गुण ‘का’ किंवा ‘अंदाजे केवढं’ यांचे. जुन्यावर गुण ठेवले नाहीत तर डबा कोणी उघडणार नाही.

कुतूहल

@विसरभोळा, एक शंका. पाचव्या कप्प्यातूनही बरोबर आलेल्या कार्डांचं काय करायचं? आणि मुलं कार्डाचा डाग बघून उत्तर देतात, त्यावर उपाय?

विसरभोळा

पाचव्यातून पास झालेली कार्डं रबर लावून वेगळी ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी त्यातली वीस पत्त्यांसारखी पिसून काढायची. चार-पाच चुकतातच, ती पहिल्या कप्प्यात.

डागाचं दुखणं खरं आहे. दुमडलेला कोपरा, शाईचा ठिपका, अक्षराचं वळण यावरून मूल प्रश्न न वाचताच उत्तर देतं. ओळखायची युक्ती: प्रश्न कार्ड न दाखवता तोंडी विचारायचा, तोही उलटा. ‘कॅनबेरा कुठल्या देशाची राजधानी?’ अडलं तर त्या कार्डावर काट मारायची आणि मुलाकडूनच नवं लिहून घ्यायचं, या वेळी उलट्या प्रश्नाचं. फक्त @रबर यांचा कापलेला कोपरा सगळ्या कार्डांवर एकाच जागी असू द्या, नाहीतर तोच नवा डाग होतो.